‘कळवू’ म्हटल्यानंतर

आपल्या भाषेत ‘कळवू’ या शब्दाइतका दिसावयास निरुपद्रवी आणि माणसाची झोप उडविणारा शब्द दुसरा क्वचितच सापडेल. मुलगी पाहावयास आलेली मंडळी पोहे खाऊन उठतात आणि उंबऱ्याशी चपला घालता घालता म्हणतात, "कळवू." संत्र्याचा बगीचा पाहावयास आलेला व्यापारी झाडाखाली उभा राहून फळांचा अंदाज घेतो, एखादे फोडून चाखतो आणि मोटारसायकल सुरू करता करता म्हणतो, "सांगतो दोन दिवसांत." नोकरीच्या मुलाखतीहून बाहेर पडणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या कानांवरही टेबलापलीकडून हाच शब्द पडतो.

पहिल्या दोन प्रसंगी काय करावयाचे, हे आपल्या सावरगावात कोणास शिकवावे लागत नाही. अंबिया बहाराचे फळ झाडावर फार दिवस थांबत नाही, म्हणून शेतकरी तिसऱ्या दिवशी सकाळी पांढुर्ण्याची वाट धरतो, व्यापाऱ्यास गाठतो आणि सरळ विचारतो, "घेता की दुसऱ्याला देऊ?" यात त्यास कमीपणा वाटत नाही आणि व्यापाऱ्यासही राग येत नाही. मुलीचे वडीलही आठ दिवस वाट पाहून मध्यस्थास पाठवितात. मग तिसऱ्याच प्रसंगी आपण हाताची घडी घालून का बसतो? घरी आजी रोज संध्याकाळी विचारते, "त्यायनं काई कळवलं का रे, बाप्पा?" मुलगा मान हलवितो, मोबाईल उघडून पाहतो आणि बाहेर निघून जातो. महिना जातो, दोन जातात. विचारावयास मात्र कोणी जात नाही.

यंदाच्या अंकात आम्ही हा विषय घेतला, याचे कारण आमच्या स्वतःच्या आयुष्यात आहे. ते आधी सांगून टाकतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी, अध्यापनाची पदविका हाती घेऊन आम्ही एका शिक्षणसंस्थेत मुलाखतीस गेलो होतो. संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मुलाखत बरी झाली. चिटणीस म्हणाले, "पत्राने कळवू." आम्ही घरी आलो. मृग सरला, पोळा आला, दुसऱ्या दिवशीची गोटमारही होऊन गेली. पत्र आले नाही. आम्ही मनाशी ठरविले की आपण नापसंत झालो. दिवाळीत त्या संस्थेतील एक शिक्षक सहज भेटले आणि म्हणाले, "तुम्ही रुजू का झाला नाहीत? तुमची आठ दिवस वाट पाहिली, मग खालच्या नावाला बोलावलं." नेमणुकीचे पत्र निघाले होते, मात्र ते आमच्या सावरगावी न येता नरखेड तालुक्यातील सावरगावी गेले होते. आम्ही अर्जावर नुसते नाव आणि ‘मु. पो. सावरगाव’ एवढेच लिहिले होते. चूक आमचीच होती. परंतु एका पत्त्याच्या चुकीने नोकरी गेली, असे आम्ही म्हणत नाही. आठव्या दिवशी एक पोस्टकार्ड टाकून "निर्णय झाला काय?" असे विचारले असते तर ती चूक तेव्हाच उघडकीस आली असती. आम्ही मानी होतो. मागे लागणे म्हणजे भीक मागणे, असे आमच्या डोक्यात होते. त्या मानीपणाची किंमत घरच्यांनी दोन वर्षे मोजली.

पत्त्याची गोष्ट निघालीच आहे तर थोडे विषयांतर करतो. सावरगाव नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. अशा सारख्या नावांचा घोटाळा टळावा, म्हणूनच १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात सहा आकडी पिनकोड सुरू झाला. त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखली. ते डाकखात्यातील अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते. पिनकोडाचे पहिले दोन आकडे पाहिले तरी पत्र कोणत्या मुलखात जावयाचे ते कळते. नागपूरकडील पत्ते ४४ ने आरंभ होतात, आपल्याकडील ४८ ने. पांढुर्ण्याचा ४८०३३४, सौंसरचा ४८०१०६. हे आकडे आम्ही त्या वेळी लिहिले असते तर हा लेख दुसऱ्या कोणी लिहिला असता.

आता आणखी एक भर पडली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे आपल्या मुलांच्या जुन्या दाखल्यांवर जिल्हा छिंदवाडा असतो आणि नव्यांवर पांढुर्णा. दूरच्या शहरातील कार्यालयातला माणूस ही दोन कागदपत्रे शेजारी ठेवून बुचकळ्यात पडतो, आणि बुचकळ्यात पडलेला माणूस कागद बाजूस ठेवून पुढचा उचलतो. मुलाखतीनंतर जे पत्र लिहावयाचे त्यात या फरकाचा एका वाक्यात खुलासा करावा.

ते पत्र कोणते, हे सांगण्यापूर्वी टेबलाच्या पलीकडे काय चालते, तिकडे जरा पाहू. उमेदवारास वाटते की आपण बाहेर पडताच आत आपल्याविषयी निर्णय झाला आणि तो दडवून ठेवला आहे. बहुधा तसे नसते. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एक जण दुसऱ्या दिवशी गावास जातो. मंजुरी देणारा अधिकारी मुंबईस असतो. जागा दोन म्हणून जाहीर झालेल्या असतात, त्यांतली एक रद्द होते. पहिल्या क्रमांकाचा उमेदवार होकार देतो आणि चार दिवसांनी दुसरीकडे जातो. मग लेखनिक यादी काढून दुसऱ्या नावास फोन लावतो. तो उचलला नाही तर तिसऱ्यास लावतो. या सगळ्या गोंधळात ज्याचे पत्र समोर पडलेले असते, ज्याचा क्रमांक चालू असतो आणि ज्याची इच्छा अजून कायम आहे असे माहीत असते, त्याचे नाव सहज वर येते. गुणवत्तेवर मात करणारी ही काही जादू नव्हे. दोघे सारखे असता जो विसरला गेला नाही तो घेतला जातो, एवढाच याचा अर्थ.

अमेरिकेत मुलाखत झाली की त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी मुलाखत घेणाऱ्यास चार ओळींचे आभारपत्र पाठविण्याची रीत आहे. आपल्याकडे ती रूढ नाही आणि म्हणूनच असे पत्र आले तर ते लक्षात राहते. मात्र नुसते "धन्यवाद" लिहिण्यात अर्थ नाही. पत्रात काही माल असावा. कोणत्या पदासाठी, कोणत्या तारखेस मुलाखत झाली, ते पहिल्या वाक्यात यावे, कारण वाचणाऱ्याने त्या आठवड्यात पन्नास तोंडे पाहिलेली असतात. बोलण्यात निघालेल्या एखाद्या खऱ्या गोष्टीचा उल्लेख यावा. एखादा कागद मागाहून देतो म्हटले असेल तर तो सोबत जोडावा. आणि शेवटी निर्णय केव्हापर्यंत अपेक्षावा, हे अदबीने पण स्पष्ट विचारावे. नमुना म्हणून एक पत्र देतो; त्याची नक्कल करू नये, घडण पाहावी.

"माननीय व्यवस्थापक महोदय यांस, सविनय नमस्कार. आपल्या कारखान्यातील वीजतंत्री या पदासाठी काल दि. १४ रोजी आपण माझी मुलाखत घेतलीत, त्याबद्दल आभारी आहे. रात्रपाळीविषयी आपण विचारले होते. घरी वडिलांशी बोललो. मला रात्रपाळी चालेल. आपण मागितलेल्या गुणपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे. तिच्यावर जिल्हा छिंदवाडा असून रहिवासी दाखल्यावर पांढुर्णा आहे; नवा जिल्हा २०२३ साली झाल्यामुळे हा फरक दिसतो, गाव एकच आहे. निवडीचा निर्णय साधारण केव्हापर्यंत होईल, हे कळल्यास उपकार होतील. आपला विश्वासू," आणि खाली नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, मोबाईल क्रमांक.

एवढेच. घरची गरिबी, आईचे आजारपण, बहिणीचे लग्न यांपैकी काहीही लिहू नये. ते खरे असते, हे आम्ही जाणतो. या शाळेत शिकविताना आम्ही ती घरे पाहिली आहेत. परंतु कारखान्याच्या व्यवस्थापकास आपली दया यावी अशी आपली इच्छा नाही, आपण कामाचे वाटावे अशी आहे.

अशा पत्राने मुलाखतीतील चूकही काही अंशी सुधारता येते. काही वर्षांपूर्वी आमचा एक माजी विद्यार्थी आय.टी.आय. करून नागपूरच्या बाजूस एका कारखान्यात मुलाखतीस गेला. त्यास विचारले, "मोठ्या मोटारीला स्टार-डेल्टा स्टार्टर का लावतात?" तो म्हणाला, "मोटार सुरू करायला." समोरचे हसले. परत येताना बसमध्ये त्यास सगळे आठवले. रात्री तो आमच्याकडे आला, डोळे लाल. आम्ही म्हटले, आता जे आठवले ते लिहून काढ. त्याने लिहिले की आरंभी वेटोळी स्टार पद्धतीने जोडली म्हणजे ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यातही प्रत्येक वेटोळ्यास सुमारे २४० व्होल्टच मिळतात, तारेतून ओढला जाणारा प्रवाह थेट डेल्टा जोडणीच्या एकतृतीयांश राहतो, आणि मोटारीने वेग घेतल्यावर जोडणी डेल्टा करतात. त्यामुळे सुरू होतानाचा धक्का टळतो. "काल मला हे नीट सांगता आले नाही," एवढे एक वाक्य त्याने वर जोडले. त्या पत्राने त्यास ती नोकरी मिळाली, असे सांगावयास आम्हांस आवडले असते. ती मिळाली नाही. जागा आतल्याच माणसाने भरली गेली होती. परंतु उत्तर आले, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एक वर्ष काम शिकावयास येशील काय, असे त्यात विचारले होते. तो गेला. पुढचे त्याने स्वतः कमावले.

पत्र पाठविल्यावर किती दिवस थांबावे? त्यांनी मुदत सांगितली असेल तर ती संपेपर्यंत गप्प बसावे आणि नंतर दोन-तीन दिवसांनी फोन करावा. मुदत सांगितली नसेल तर आठ-दहा दिवस. फोन सकाळी अकराच्या सुमारास करावा. कार्यालय उघडताच अथवा जेवणाच्या वेळी करू नये. "हॅलो, माझं काय झालं?" अशी सुरुवात करणारी मुले आम्ही पाहिली आहेत. पलीकडच्या माणसास ‘माझं’ म्हणजे कोणाचे, हे कसे कळावे? नाव, पद, मुलाखतीची तारीख सांगावी आणि मग विचारावे. ज्याने उत्तर दिले त्याचे नाव वहीत टिपून ठेवावे. पुढच्या वेळी त्याच नावाने विचारता येते. पंधरा दिवसांनी आणखी एकदा विचारावे. त्यानंतरही उत्तर नसेल तर मौन हेच उत्तर समजून दुसरा अर्ज टाकावा. खरे तर दुसरा अर्ज पहिल्या दिवशीच टाकावयास हवा. एकाच व्यापाऱ्याच्या शब्दावर सगळा बगीचा ठेवणारा शेतकरी आमच्या पाहण्यात नाही.

आता एक अप्रिय गोष्ट. आपल्याकडे मुलाखतीनंतरचा पाठपुरावा म्हटला की घरातील वडीलधारी मंडळी पत्राचा कागद शोधीत नाहीत, ओळख शोधतात. मामाचा साडू तेथे फोरमन आहे काय, आमदारांच्या माणसास कोणी ओळखते काय, अशी चौकशी सुरू होते. ओळखीच्या माणसाकडून निर्णय केव्हा आहे एवढे विचारून घेण्यात आम्हांस गैर दिसत नाही. त्याच्याकडून दडपण आणणे मात्र वेगळे. सरकारी भरतीच्या जाहिरातींत तर स्पष्ट छापलेले असते की कोणत्याही मार्गाने वशिला लावल्यास उमेदवार अपात्र ठरेल. आणि वशिल्याने लागलेला मुलगा त्या फोरमनच्या उपकाराखाली किती वर्षे मान खाली घालून वावरतो, हेही घरातल्यांनी मोजावे.

सरकारी नोकरीचा पाठपुरावाच निराळा असतो. तेथे मुलाखत मंडळाच्या सदस्यास आभारपत्र पाठवू नये. त्यास वशिल्याचा वास येतो. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून अराजपत्रित ब गटाच्या आणि त्याखालच्या पदांसाठी मुलाखती बंदच केल्या. जेथे मुलाखत आहे तेथे निकाल, कागदपत्रांच्या तपासणीची तारीख आणि प्रतीक्षा यादी या तीन गोष्टींवर डोळा ठेवणे हाच पाठपुरावा. प्रतीक्षा यादीत नाव असूनही तपासणीची तारीख चुकलेली मुले आपल्या गावात आहेत. गुण कळले नाहीत, निवडीचा निकष कळला नाही, तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो. केंद्राच्या कार्यालयासाठी शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही नाही, आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे. हा अर्ज म्हणजे तक्रार नव्हे. प्रश्न थोडके आणि नेमके असावेत.

नकार आल्यावरही विचारता येते काय? येते, असे ज्यांच्या उदाहरणावरून आम्ही म्हणतो त्या बाई आपल्याच राज्यातील इंदूरला जन्मल्या. कमला भागवत, पुढे डॉ. कमला सोहोनी, लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संचालक होते नोबेल पारितोषिकविजेते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. नकार आला, कारण एकच, अर्जदार स्त्री आहे. कमलाबाई ते पत्र घेऊन घरी बसल्या नाहीत. त्या बंगलोरला गेल्या आणि रामन यांच्यासमोर उभ्या राहून आपणास का नाकारले, याचे कारण त्यांनी मागितले. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीबेरात्री काम करावयाचे, आणि प्रयोगशाळेचे वातावरण बिघडवावयाचे नाही. ही शेवटची अट अपमानाची होती, हे निराळे सांगावयास नको. त्या अपमानाचा सल कमलाबाईंच्या मनात पुढे कायम राहिला. तरी त्यांनी वर्ष पुरे केले. रामन यांचे समाधान झाले आणि त्या संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली. १९३९ साली त्यांनी केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. विज्ञानात ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी होत.

येथे कोणी म्हणेल, ती नोकरी नव्हती, प्रवेश होता. बरोबर आहे. मग नोकरीचेच उदाहरण घ्या. त्याच विज्ञान संस्थेत १९७४ साली शिकत असलेल्या सुधा कुलकर्णी यांनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती यांनी, टेल्को कंपनीची जाहिरात वाचली. तरुण अभियंते हवेत, स्त्रियांनी अर्ज करू नये, असे तीत होते. त्यांनी जे. आर. डी. टाटा यांना एक पोस्टकार्ड लिहिले. काही दिवसांत पुण्यास मुलाखतीचे बोलावणे आले, तेही कंपनीच्या खर्चाने, आणि त्यांची नेमणूक झाली. हे पत्र मुलाखतीच्या आधीचे आहे, नंतरचे नव्हे, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु दोन्ही प्रसंगी लिहिणारीने अथवा बोलणारीने विनवणी केली नाही, कारण विचारले. आमच्या विद्यार्थिनींनी हे विशेष लक्षात घ्यावे. मुलींच्या बाबतीत "कळवू" हा शब्द पुष्कळदा "नको" या अर्थी वापरला जातो आणि घरचेही "बरे झाले, दूर जायला नको" म्हणून गप्प राहतात.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे नेहमी निघतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपला मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे आपल्या मुलांस दोन्हीकडे दारे आहेत आणि दोन्हीकडे थोडे परकेपणही आहे. ज्या भाषेत मुलाखत झाली त्या भाषेत पत्र लिहावे, हा साधा नियम. नागपूरच्या दुकानदारास मराठीत, भोपाळ-इंदूरकडे हिंदीत. इंग्रजी येत असेल तर इंग्रजीत. येत नसेल तर उसन्या इंग्रजीचे भले मोठे पत्र कोणाकडून लिहवून घेऊ नये. दुसऱ्या फेरीत त्याच इंग्रजीत बोलावयास सांगितले म्हणजे फजिती होते.

पाठपुरावा करणाऱ्यास आणखी एक फायदा होतो: तो फसत नाही. आजकाल मुलाखतीनंतर मोबाईलवर नेमणुकीचे बनावट पत्र येते, वर कंपनीचे चिन्ह असते, आणि गणवेश अथवा प्रशिक्षण यांच्या नावाखाली काही हजार रुपये ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून मागितले जातात. ज्याने कार्यालयाचा खरा क्रमांक आणि तेथील माणसाचे नाव वहीत टिपले आहे तो त्याच क्रमांकावर विचारून घेतो. पत्रातच दिलेल्या क्रमांकावर विचारू नये. तो फसविणाऱ्याचाच असतो. खरा मालक नोकरी देताना पैसे मागत नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. लाजेने एक दिवस घालविला तरी पैसे हातचे जातात.

आणि नकाराचे पत्र आले तर? त्यासही दोन ओळींचे उत्तर द्यावे: कळविल्याबद्दल आभार, आणि पुढे जागा निघाल्यास माझा विचार व्हावा. हे उत्तर लिहावयास सर्वांत जड जाते. आमचे विद्यार्थी म्हणतात, "गुरुजी, त्यांनी नाही म्हटलं, आता आभार कशाचे?" आम्ही म्हणतो, त्यांनी कळविले, त्याचे. आम्हांस स्वतःला न कळविल्याचा अनुभव आहे.

ज्या माजी विद्यार्थ्यांना असे पत्र लिहावयाचे आहे त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत यावे. पत्र वाचून पाहू, पत्ता व पिनकोड तपासू. येताना कोरा कागद मात्र आणू नये. खाडाखोड केलेला का होईना, स्वतः लिहिलेला आणावा.